खत घातलं, पाणी घातलं, तरी जास्वंद पिवळीच का? बारामती-इंदापूर पट्ट्यातील अंगणबागेचं गणित समजून घ्या

काटेवाडी : नर्सरीतून आणलेलं रोप पहिले पंधरा दिवस टवटवीत दिसतं. मग नवीन पानं पिवळी पडू लागतात, कडा करपतात आणि महिना-दोन महिन्यांत कुंडीत नुसती काडी उरते. खत कमी पडलं असेल म्हणून खत घातलं जातं, पाणी कमी पडलं असेल म्हणून पाणी वाढवलं जातं. मोबाईलवर पाहिलेले अंड्याची टरफलं, चुलीची राख, चहाचा चोथा हे उपायही करून होतात. झाड मात्र सुधारत नाही.

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या काटेवाडीत आणि आजूबाजूच्या गावांत असं होण्यामागे बहुतेक वेळा आळस नसतो. कोकणातल्या तांबड्या मातीसाठी किंवा परदेशातल्या पावसाळी भागासाठी दिलेला सल्ला इथल्या काळ्या मातीत जसाच्या तसा वापरला जातो, हे खरं कारण आहे. इथली माती, इथलं पाणी आणि इथलं पावसाचं वेळापत्रक या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. त्या कळल्या तर फारसा खर्च न करता बाग टिकते, आणि उन्हाळ्यात प्रत्येक बादलीचा हिशोब ठेवावा लागणाऱ्या भागात पाणीही वाचतं.

थोडक्यात महत्त्वाचं

• इथल्या काळ्या मातीत चुना आधीच भरपूर आहे. अंड्याची टरफलं आणि राख घालून तो आणखी वाढवू नका.
• नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता असते. युरियाने ती जात नाही.
• बोअरचं पाणी खारट असेल तर रोज थोडं थोडं पाणी देण्यानं कुंडीत क्षार साठतात.
• लागवडीचा सर्वांत चांगला काळ सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. एप्रिल-मेमध्ये झाड फक्त जगवायचं.

सौम्य हवामान आहे, पण चार-पाच महिनेच

बागकामाच्या पुस्तकांत 'सौम्य हवामानातली झाडं' असा शब्दप्रयोग असतो. कडाक्याची थंडी नाही, बर्फ नाही आणि ऊनही फार कडक नाही, असं हवामान त्यात गृहीत धरलेलं असतं. काटेवाडीत असा काळ साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी असतो. रात्री थंड, दिवसा कोवळं ऊन आणि दव जमून पानं करपतील अशी थंडी क्वचितच. परदेशात जी फुलझाडं उन्हाळ्यात लावतात ती पिटुनिया, डायंथस, पॅन्सी इथे याच दिवसांत फुलतात. मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, पालक यांनाही हाच काळ मानवतो.

उरलेल्या महिन्यांचं चित्र वेगळं आहे. बारामती-इंदापूर हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला भाग. वर्षाचा सरासरी पाऊस साधारण ५५० ते ६०० मिलिमीटर. घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये धो-धो पाऊस पडत असताना इथे अनेकदा नुसतं ढगाळ हवामान आणि जोराचा वारा असतो. जूनमध्ये थोडा पाऊस, मग खंड आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा जोर, अशी इथल्या पावसाची चाल आहे.

आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीत येते. परीट समाजाच्या धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. गावात झाडं लावण्याचा उत्साहही याच दिवसांत जास्त असतो. मात्र त्यानंतर येणाऱ्या पावसाच्या खंडात कोवळं रोप वाऱ्यानं आणि तहानेनं सुकतं. पावसाळा आहे म्हणून पाणी द्यायचं कुणाच्या लक्षात येत नाही. जून-जुलैत लावलेल्या रोपाला ऑगस्टमध्ये पाणी लागतं, हे पक्कं लक्षात ठेवावं. घाई नसेल तर सप्टेंबरच्या पावसानंतर लागवड करावी. जमिनीत ओल असते, ऊन उतरणीला लागलेलं असतं आणि उन्हाळा यायच्या आत मुळांना चार-पाच महिने मिळतात.

माती : काळी, कसदार, पण चुनखडीची

या भागाची काळी माती बेसाल्ट खडक झिजून तयार झाली. तिच्यातला चिकण भाग पाणी मिळालं की फुगतो आणि वाळला की आकसतो, म्हणून उन्हाळ्यात शेतात भेगा पडतात. उसाला ती मानवते. कुंडीत मात्र तीच माती नुसती भरली तर पावसात चिखल होतो आणि उन्हात ढेकूळ. मुळांना हवा मिळत नाही.

दुसरा मुद्दा चुन्याचा. या मातीत कॅल्शियम कार्बोनेटचं प्रमाण बऱ्याचदा जास्त असतं आणि सामू ८ च्या आसपास किंवा त्याहून वर असतो. सामू म्हणजे आम्ल-विम्लता मोजण्याचं माप. ७ म्हणजे मध्यम, त्याखाली आंबट, त्यावर खारट-चुनखडीची बाजू. जास्वंद, मोगरा, गुलाब, लिंबू, कडीपत्ता यांना ६ ते ७.५ सामूची माती आवडते.

घरच्या घरी तपासणी सोपी आहे. वाळलेल्या मातीचा चमचाभर चुरा बशीत घ्या आणि त्यावर व्हिनेगर टाका. फसफसून बुडबुडे आले तर मातीत चुना भरपूर आहे. फारसं काही झालं नाही तर प्रमाण कमी असू शकतं. नेमका आकडा प्रयोगशाळेतच कळतो.

कुंडीसाठी मिश्रण असं करावं :

• एक भाग पोयटा किंवा काळी माती
• एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत
• एक भाग जाड वाळू, बारीक मुरूम किंवा धुतलेलं कोकोपीट

कुंडीच्या तळाला भोक हवंच. त्यावर खापराचा तुकडा उपडा ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी निघून जातं.

मुरूम म्हटलं की नापीक जमीन डोळ्यांसमोर येते. पण बारामतीजवळ माळेगाव इथे २००९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेची जागाच खडकाळ मुरमाड होती. तिथे खड्डे-चर घेऊन, मुरमात काळी माती मिसळून फळझाडं वाढवण्यात आली. मुरूम पाण्याचा निचरा करतो, काळी माती ओल आणि अन्न धरून ठेवते. दोन्हींचा मेळ घातला की मुळांना हवं ते मिळतं. अंगणात खड्डा घेतानाही हेच तत्त्व कामी येतं.

नर्सरीतल्या पिशवीबाबत एक काळजी घ्यावी. पुणे-सोलापूर महामार्गालगत उरुळी कांचन परिसरात रोपवाटिका मोठ्या संख्येनं आहेत. अशा ठिकाणची बरीच रोपं तांबड्या चिकट मातीत किंवा कोकोपीटमध्ये वाढवलेली असतात. तो गड्डा जसाच्या तसा काळ्या मातीत बसवला तर पाणी बाहेरच्या मातीत मुरतं आणि आतला गड्डा कोरडाच राहतो. रोप आणल्यावर आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. लावताना पिशवी कापून गड्ड्याच्या कडा बोटांनी हलक्या सैल करा. पहिले दोन आठवडे पाणी थेट बुंध्याजवळच्या गड्ड्यावर द्या.

पान काय सांगतं?

पान पिवळं पडणं हा रोग नव्हे, ती खूण आहे. कुठलं पान पिवळं झालं आणि कसं, यावरून कारण ओळखता येतं.

*शेंड्याकडचं नवीन पान पिवळं, शिरा हिरव्या :* लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना उचलता येत नाही. लोह जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहज सरकत नाही, म्हणून परिणाम शेंड्यावर आधी दिसतो. जास्वंद, गुलाब, लिंबू आणि मोगऱ्यात हे हमखास आढळतं.

*खालची जुनी पानं सगळी पिवळी, वाढ थांबलेली :* नत्र कमी. कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत दोन मुठी द्यावं.

*खालची पानं पिवळी होऊन गळतात, माती सतत ओली :* पाणी जास्त झालंय. मुळं कुजत असतात. खत नको, पाणी थांबवा.

*पानाचं टोक आणि कडा तपकिरी, करपलेल्या. कुंडीवर पांढरा थर :* क्षार साठलेत.

लोहाच्या कमतरतेवर हिराकस म्हणजे फेरस सल्फेट हा स्वस्त उपाय आहे. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्त्व मिसळून संध्याकाळी पानांवर फवारावं. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन-तीन फवारण्या पुरतात. द्रावण ताजंच वापरावं. फरशीवर पडलं तर तांबडे डाग पडतात. चुनखडीच्या मातीत हिराकस नुसतं मातीत टाकून फारसा उपयोग होत नाही, कारण चुना ते पुन्हा अडकवतो. मातीतून द्यायचं असेल तर कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मिळतं. त्यातलं ईडीडीएचए प्रकारचं लोह चुनखडीच्या जमिनीत टिकतं, ईडीटीए प्रकारचं तितकं टिकत नाही. पाकिटावरचं नाव वाचून घ्यावं.

पाणी : कालव्याचं वेगळं, बोअरचं वेगळं

नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि या कोरड्या पट्ट्याचं रूप पालटलं. पुढे काही दशकांतच ठिकठिकाणी जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या आणि त्यावर ब्रिटिश काळातच अभ्यास सुरू झाला. कारण साधं आहे. पाणी उडून जातं, त्यातले क्षार मागे राहतात. निचरा नसेल तर ते दरवर्षी साठत जातात.

शेतात जे दशकांत घडलं ते कुंडीत एका उन्हाळ्यात घडतं. कुंडीच्या कडेला दिसणारा पांढरा थर हाच पुरावा. कालव्याचं पाणी तुलनेनं गोडं असतं. विहिरी-बोअरचं पाणी जागेनुसार बदलतं आणि उन्हाळ्यात त्याचा खारेपणा वाढू शकतो.

पाण्याची प्रतवारी त्याच्या विद्युत वाहकतेवरून करतात. ती ०.७५ पेक्षा कमी असेल तर बहुतेक झाडांना पाणी चालतं. ०.७५ ते २.२५ या दरम्यान असेल तर निचरा चांगला हवा आणि नाजूक झाडांना त्रास होतो. २.२५ च्या वर असेल तर नेहमीच्या बागेसाठी ते टाळावं. घरात टीडीएस मीटर असेल तर साधारण ४८० आणि १,४४० हे त्याचे समांतर आकडे धरता येतात.

खारं पाणी वापरावंच लागत असेल तर :

• रोज पेलाभर पाणी देऊ नका. दोन इंचांपर्यंत बोट घालून पाहा. माती कोरडी लागली तरच तळातून पाणी निघेपर्यंत द्या.
• पंधरा दिवसांतून एकदा कुंडी नळाखाली धरल्यासारखी भरपूर पाण्यानं धुवून काढा. शक्य असेल तर कालव्याचं किंवा पावसाचं पाणी वापरा.
• ताटलीत साठलेलं पाणी फेकून द्या. ते पुन्हा शोषलं गेलं तर क्षार परत कुंडीत जातात. शिवाय त्यात डासांची पैदास होते.
• आरओ फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी झाडांना घालण्याची पद्धत वाढली आहे. मूळ पाण्यातले क्षार त्या पाण्यात अधिक दाट झालेले असतात. ते फरशी-भांड्यांसाठी वापरा, कुंड्यांना नको.
• तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी चालतं. साबण-पावडरीचं पाणी कुंडीत नको.

पावसाचं पाणी सर्वांत उत्तम, कारण त्यात क्षार जवळपास नसतात. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. २० चौरस मीटरच्या पत्र्यावर १० मिलिमीटरची एक सर आली तर २०० लिटर. गळती-उडती सोडली तरी एक पिंप जवळपास भरतं. सप्टेंबरमधल्या दोन चांगल्या सरींतून नाजूक झाडांची बरीच सोय होते. पिंपाला झाकण मात्र हवं.

मोबाईलवरचे कोणते उपाय इथे चालत नाहीत?

अंड्याची टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजेच चुना. आंबट मातीच्या प्रदेशात त्यांचा उपयोग असतो. इथे चुनाच प्रश्न आहे. लाकडाची राख पालाश देते हे खरं, पण ती सामूही वर नेते. जास्वंद-लिंबाच्या कुंडीत ती टाळावी.

चहाचा चोथा धुवून, वाळवून कंपोस्टमध्ये टाकला तर चांगलाच. साखर-दुधासह थेट कुंडीत टाकला तर मुंग्या आणि बुरशी येते.

आंबट ताक कडीपत्त्याला घालण्याची जुनी पद्धत मात्र इथल्या मातीला धरून आहे. ताक आंबट असतं, त्यामुळे मुळांजवळ थोडा वेळ तरी सामू उतरतो. एक भाग ताक, दहा भाग पाणी, महिन्यातून एकदा पुरे. मीठ घातलेलं ताक अजिबात नको.

कोणत्या झाडाचं काय चुकतं?

तुळस : तुळस मरते ती बहुतेक वेळा पाण्यानं. रोज सकाळी तांब्याभर पाणी घातलं जातं आणि अनेक वृंदावनांना खाली भोकच नसतं. वृंदावन बांधतानाच तळाशी निचऱ्याची वाट ठेवावी. आधीच बांधलेलं असेल तर तुळस आत कुंडीसह ठेवावी आणि तळाला खडी घालावी. पूजेसाठी पळीभर पाणी पुरतं. बाकी पाणी माती पाहून द्यावं. मंजिऱ्या वाळू न देता खुडाव्यात. बी धरलं की झाड म्हातारं होतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पानं कमी होणं नैसर्गिक आहे. अशा वेळी पाणी कमी करावं आणि जपलेल्या मंजिऱ्यांचं बी उन्हाळ्याच्या तोंडावर पेरावं.

मोगरा : नुसती पानं येतात, कळ्या येत नाहीत, ही नेहमीची तक्रार. दोन कारणं असतात, सावली किंवा छाटणी न करणं. मोगऱ्याला सहा तास ऊन हवं. डिसेंबरअखेर ते जानेवारीत पाणी कमी करून फांद्या निम्म्यापर्यंत छाटाव्यात, पानं काढावीत, मग शेणखत देऊन पाणी सुरू करावं. नव्या फुटीवरच कळ्या येतात. युरिया जास्त झाला तर पुन्हा पानंच वाढतात.

गुलाब : पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या मध्यास छाटणी करावी. त्यानंतर साधारण दीड महिन्यानं फुलं येतात. कलमाच्या जोडाखालून येणारे जोमदार फुटवे खालच्या जंगली गुलाबाचे असतात. ते मुळापासून काढावेत, नाहीतर तेच वाढतात आणि वरचा गुलाब मरतो.

शेवंती : शेवंती दिवस लहान आणि रात्री मोठ्या झाल्या की कळ्या धरते. ओसरीतला बल्ब किंवा रस्त्यावरचा दिवा रात्रभर तिच्यावर पडत असेल तर तिला रात्र लहान वाटते आणि फुलं लांबतात. कुंडी अंधाऱ्या बाजूला सरकवली की काम होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बुंध्याजवळचे फुटवे वेगळे करून वाढवावेत. शेंडे जुलैपर्यंत खुडावेत, त्यानंतर नको.

झेंडू : दसरा-दिवाळीला घरचा झेंडू हवा असेल तर जुलैच्या सुरुवातीला बी पेरावं आणि महिनाभरात रोप लावावं. लावणीनंतर काही दिवसांनी शेंडा खुडला की फांद्या वाढतात. गणपती झाल्यावर बी पेरलं तर दसरा हुकतो.

जास्वंद : लोहाची कमतरता आणि पिठ्या ढेकूण हे दोन त्रास. शेंड्यावर कापसासारखं पांढरं दिसताच ती फांदी कापून टाकावी, उरलेल्या भागावर पाण्याचा जोरदार फवारा मारावा.

कडीपत्ता : हिवाळ्यात पानं गळतात म्हणून झाड मेलं असं समजू नये. पाणी कमी करावं. फेब्रुवारीत पुन्हा फूट येते.

ज्यांना रोज लक्ष द्यायला वेळ नाही त्यांनी बोगनवेल, सदाफुली, चाफा, कोरफड लावावी. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली, सदाफुली मादागास्करची, चाफा मध्य अमेरिकेतला. कोरड्या दिवसांची सवय असलेली ही झाडं इथे चांगली रुळली आहेत. बोगनवेलीला तर पाण्याचा थोडा ताण बसल्याशिवाय भरघोस फुलं येत नाहीत. कण्हेरही काटक आहे, पण तिचे सगळे भाग विषारी असतात. लहान मुलं आणि शेळ्या-गुरं फिरतात तिथे ती लावू नये.

उन्हाळा : झाड वाढवायचं नाही, जगवायचं

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीजवळ जातो. या दोन महिन्यांत छाटणी, कुंडी बदलणं आणि रासायनिक खत हे तिन्ही बंद ठेवावं. कुंड्या एकमेकींना खेटून, घराच्या पूर्वेकडे ठेवाव्यात. सकाळचं ऊन मिळतं, दुपारनंतरचं टळतं. स्लॅबवर असतील तर खाली विटा किंवा फळी घालावी. पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी पुरते.

सर्वांत मोठी मदत पाचटाची होते. चहूबाजूंना ऊस असलेल्या या भागात पाचट सहज मिळतं. बारीक तुकडे करून दोन-तीन इंचांचा थर मातीवर पसरला की ऊन थेट मातीला लागत नाही आणि ओल टिकते. खोडापासून तीन-चार बोटं जागा मोकळी सोडावी. वाळवी लागली तर थर उलथून पाहावा.

पाण्याचा हिशोबही करावा. मोठ्या कुंडीला दिवसाला दीड लिटर धरलं तर २० कुंड्यांना ३० लिटर, महिन्याला ९०० लिटर लागतात. आच्छादन आणि सावलीमुळे रोजचं पाणी एक दिवसाआड झालं तर महिन्याला ४५० लिटर वाचतात. शेतातलं जुनं ठिबक अंगणात वापरता येतं. ताशी दोन लिटरचा ड्रिपर अर्धा तास चालला की कुंडीला बरोबर एक लिटर मिळतं. क्षारांमुळे ड्रिपर तुंबतात, म्हणून महिन्यातून एकदा नळीचं टोक उघडून ती धुवून घ्यावी. जमिनीतल्या झाडाशेजारी मडकं पुरून त्यात पाणी भरण्याची जुनी रीतही तितकीच उपयोगी.

शेणखतातली हुमणी ओळखा

ऊस पट्ट्यात हुमणी शेतकऱ्यांच्या ओळखीची. वळवाचे पाऊस झाले की भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात, कडुलिंब-बाभळीवर बसतात आणि नंतर जमिनीत अंडी घालतात. अर्धवट कुजलेलं शेणखत हुमणीच्या अळ्यांना आवडतं. तेच खत कुंडीत आलं तर अळी मुळं खाते आणि झाड उभ्याउभ्या सुकतं. खत वापरण्यापूर्वी पसरून पाहावं. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी दिसली तर वेचून टाकावी. ताजं शेण कुंडीत कधीच घालू नये.

मावा, पिठ्या ढेकूण, उन्हाळ्यातला लाल कोळी यांच्यासाठी घरचा निंबोळी अर्क पुरतो. जून-जुलैत कडुलिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या वाळवून ठेवाव्यात. ५० ग्रॅम निंबोळीचा चुरा रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एक लिटर करावा. किंचित साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं फवारावा.

वर्षाचं वेळापत्रक

*जून-जुलै :* जास्वंद, बोगनवेलीच्या फांद्या लावणे, झेंडूचं बी, निंबोळ्या गोळा करणे, शेवंतीचे शेंडे खुडणे.

*ऑगस्ट :* पावसाच्या खंडात पाणी, झेंडूची लावणी.

*सप्टेंबर-ऑक्टोबर :* कायमच्या झाडांची लागवड, पावसाचं पाणी साठवणे, गुलाबाची छाटणी, हिवाळी फुलांचं आणि भाज्यांचं बी.

*नोव्हेंबर-जानेवारी :* पाणी कमी, वाळलेली फुलं खुडणे, मोगऱ्याची छाटणी.

*फेब्रुवारी-मार्च :* कुंड्या बदलणे, शेणखत, शेवंतीचे फुटवे वेगळे करणे, पाचट पसरणे.

*एप्रिल-मे :* सावली आणि पाणी. बाकी काही नाही.

तपासणी कुठे आणि कशी?

बारामतीजवळ शारदानगर, माळेगाव इथल्या कृषी विज्ञान केंद्रात माती आणि पाणी तपासणीची सोय आहे. ती शेतकऱ्यांपुरतीच आहे, असा अनेकांचा समज असतो. अंगणात आठ-दहा हजारांची झाडं लावण्याआधी एकदा तपासणी करून घेणं स्वस्त पडतं.

मातीचा नमुना घेताना वरचा कचरा बाजूला करून चार-पाच ठिकाणची सहा ते आठ इंच खोलीपर्यंतची माती घ्यावी, एकत्र मिसळावी, सावलीत वाळवावी आणि त्यातली अर्धा किलो द्यावी. नुकतंच खत घातलेल्या जागेची माती घेऊ नये. पाण्यासाठी बोअर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून मग स्वच्छ बाटलीत लिटरभर पाणी भरावं.

अहवाल हातात आल्यावर तीन आकडे आधी पाहावेत : मातीचा सामू, मातीतला चुना आणि पाण्याची विद्युत वाहकता. सामू ८ च्या वर आणि चुना जास्त असेल तर जास्वंद-लिंबू कुंडीत, मिश्रण करून लावा. वाहकता जास्त असेल तर गुलाबाऐवजी बोगनवेल निवडा. तिन्ही आकडे चांगले असतील आणि तरीही झाड पिवळं पडत असेल, तर पाण्याची झारी दोन दिवस बाजूला ठेवून कुंडीच्या तळाचं भोक उघडं आहे का, ते आधी पाहा.